चाकोरी सोडू नका : आफ्रिकेत चित्रीकरणाला जाणाऱ्या निर्मात्यांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतील चित्रपट, वेब मालिका आणि जाहिरातपट निर्मात्यांच्या सर्व संघटनांचे पदाधिकारी व सभासद यांस,

विषय : आफ्रिकेतील वन्यजीव क्षेत्रांत चित्रीकरण करताना पाळावयाच्या लेखी नियमावलीबाबत.

सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहिणारा माणूस आपल्याच धंद्यातला आहे. सत्तावीस वर्षे मी प्रॉडक्शन सांभाळले. रेकी, परवानग्या, गाड्या, जेवण, हॉटेले आणि पॅक-अपनंतरची भांडणे हे माझे क्षेत्र. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे, ते कुणा प्राणिप्रेमी संस्थेने बाहेरून केलेला उपदेश म्हणून वाचू नये. आपल्या संघटनांनी एकत्र बसून आफ्रिकेतील अभयारण्यांत चित्रीकरण करताना पाळायची एक नियमावली लेखी स्वरूपात तयार करावी आणि ती प्रत्येक करारपत्राला जोडावी, एवढीच माझी मागणी आहे. ती का, हे सांगण्याआधी माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी एका जाहिरातपटाच्या युनिटबरोबर मी केनियातील मसाई मारा येथे होतो. आम्हाला चित्ता हवा होता आणि त्याच्या मागे उगवता सूर्य हवा होता. तीन दिवस नुसते पेट्रोल जळले. चौथ्या दिवशी पहाटे दोन पिलांसह एक मादी दिसली. तिने नुकतेच थॉमसन गॅझेल जातीचे एक हरीण मारले होते आणि ते तसेच ठेवून ती शेजारी बसली होती. धावून दमलेला चित्ता लगेच खात नाही; आधी त्याचा श्वास ताळ्यावर यावा लागतो. आमच्या चालकाने, जो तिथल्या मसाई जमातीचा होता आणि ज्याला आमचे स्पॉटबॉय दुसऱ्या दिवसापासूनच ‘दादा’ म्हणू लागले होते, रस्त्यावरच गाडी थांबवून इंजिन बंद केले. गवताची पाती फ्रेममध्ये आडवी येत होती. दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिले. युनिटमध्ये प्रॉडक्शनवाल्याकडे असे पाहिले जाते तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, हे आपणांस सांगायला नको. रस्ता सोडण्याची मुभा आमच्या परवान्यात नव्हती, हे मला ठाऊक होते, कारण परवान्याचा अर्ज मीच भरला होता. तरीही मी खिशात हात घातला आणि चालकाच्या पुढ्यात दोन नोटा ठेवल्या. त्याने आधी मान हलवली. मी तिसरी ठेवली. मग ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू, असे स्वतःशीच पुटपुटत त्याने गाडी गवतात घातली.

मादीने मान वर केली, आमच्याकडे एकदा पाहिले आणि धापा टाकतच ती उठली. पिले तिच्या मागे निघाली. शिकार तिथेच राहिली. दहा-बारा मिनिटांत दोन तरस आले आणि त्यांनी हरीण ओढत नेले. पाठमोऱ्या चित्त्याचे दृश्य आम्हाला मिळाले. जाहिरातीत ते दोन सेकंदही नाही. परत रस्त्याला लागल्यावर चालक खाली उतरला, एक वाळकी काटेरी फांदी ओढत आणली आणि आमची चाके जिथून गवतात वळली होती, तिथे ती आडवी टाकली. मी कारण विचारले. तो म्हणाला की चाकोरी दिसली की मागून येणारा तीच धरतो, आणि आठवड्याभरात तिथे रस्ता होतो.

आपल्या धंद्यात ‘चाकोरीबाहेरचे’ हा शब्द कौतुकाचा आहे. मसाई मारात तो गुन्ह्याचे वर्णन ठरतो. तिथली काळी माती आपल्या रेगुरासारखीच असते. इंग्रज अमलापासून दोन्हीकडे तिला ‘ब्लॅक कॉटन सॉइल’ याच नावाने ओळखतात. मराठवाड्यात किंवा विदर्भात पावसानंतर काळ्या रानात जीप घालून पाहिलेल्या माणसाला त्या मातीबद्दल वेगळे काही सांगावे लागणार नाही. चाक रुतते, मग ते काढायला दुसरी गाडी येते, तिचे चाक शेजारी रुतते, आणि उन्हाळ्यात त्या सगळ्याचे दगड होतात.

चित्त्याचे नुकसान मात्र मातीसारखे डोळ्यांना दिसत नाही. मारातील चित्त्यांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या भागांत पर्यटकांच्या गाड्यांची गर्दी कमी होती, तिथे मादीच्या एका वेतातील सरासरी २.३ पिले मोठी होऊन स्वतंत्र झाली. जिथे गर्दी सर्वाधिक होती, तिथे हाच आकडा ०.२ होता. म्हणजे एक पिलू जगवायला पाच वेते. ही गर्दी पर्यटकांची होती, चित्रीकरणाची नव्हती, असे आपण म्हणू शकाल आणि ते खरेही आहे. परंतु पर्यटक तासाभराने नाश्त्याला परत जातो. आपण सूर्य मावळेपर्यंत त्याच प्राण्यामागे असतो. शिवाय पर्यटकाला त्या जागी उभे राहून तोच फोटो काढण्याची हौस लागते, ती पुष्कळदा आपल्याच दृश्यांवरून.

हिंदी चित्रपटाचे प्रेक्षक असलेल्या प्रत्येकाने नामिबियातील डेडव्हले पाहिलेले आहे, फक्त बहुतेकांना ते माहीत नाही. २००८ च्या ‘गजनी’मधील ‘गुजारिश’ या गाण्यात पांढऱ्या मातीच्या सपाट तळावर काळी, निष्पर्ण झाडे उभी आहेत आणि मागे तांबड्या वाळूच्या टेकड्या आहेत, ती ही जागा. एके काळी त्साउचाब नदीच्या पुराचे पाणी इथपर्यंत येत असे. पुढे वाळूच्या टेकड्यांनी नदीची वाट अडवली, पाणी बंद झाले आणि बाभळीच्या कुळातील ही झाडे मेली. ही गोष्ट सहाशे-सातशे वर्षांपूर्वीची आहे. हवा इतकी कोरडी आहे की झाडे कुजलीच नाहीत, उन्हाने नुसती काळी पडली. आपल्याकडे बहामनी सुलतानांचे राज्य होते तेव्हा मेलेले झाड तिथे आजही उभे आहे, आणि त्याच्या फांदीला टेकून कुणी पोझ दिली तर ती मोडेल. दुसरी यायची नाही. म्हणूनच झाडांना हात लावू नका असे तिथे येणाऱ्यांना सांगितले जाते. नामिबचा हा वालुकासागर २०१३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. ‘गजनी’च्या युनिटने तिथे काही वावगे केले असे मी म्हणत नाही. माझा मुद्दा असा की गाणे आपल्याला पाठ आहे आणि जागेचे नाव मात्र आपल्यापैकी कुणाला सांगता येत नाही.

त्याच देशाच्या किनारपट्टीवर २०१२ मध्ये ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’चे चित्रीकरण झाले. ते मुळात ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिल येथे व्हायचे होते, पण तिथे भरपूर पाऊस झाला आणि उजाड हवी असलेली जमीन फुलांनी भरून गेली, म्हणून सगळा लवाजमा नामिबियाला हलवण्यात आला. पुढच्या वर्षी काही पर्यावरणतज्ज्ञांनी आरोप केला की डोरोब राष्ट्रीय उद्यानातील नाजूक भागांची गाड्यांनी नासधूस झाली. नामिबियाच्या चित्रपट आयोगाने तो आरोप फेटाळला. खरेखोटे ठरवायला मी तिथे नव्हतो. तिथली जमीन काय आहे, एवढे मात्र सांगू शकतो. आपल्या गोड्या मसाल्यात जे दगडफूल पडते, त्याच लायकेन गटातील जिवांची तिथे मैदानेच्या मैदाने आहेत. समुद्रावरून येणाऱ्या धुक्यातला ओलावा पिऊन ती जगतात आणि अत्यंत सावकाश वाढतात. पाऊस जवळजवळ नाहीच, त्यामुळे खडीच्या त्या मैदानांवर एकदा उमटलेली चाकोरी पुसायला काहीच येत नाही. ती दशकानुदशके तशीच राहते. पाठलागाच्या दृश्याला तीन टेक लागले तर तीन चाकोऱ्या.

मागच्या पिढीतील चित्रपटवाल्यांनी तर जनावरांशी उघड उघड दांडगाई केली. १९६२ च्या ‘हटारी!’साठी टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, जॉन वेन आणि सहकलाकारांनी धावत्या ट्रकमधून खऱ्याखुऱ्या जंगली गेंड्यांचा पाठलाग केला आणि फास टाकून ते पकडले. नटांनी हे स्वतः केले, याचे त्या काळी केवढे कौतुक झाले! ती दृश्ये आज पाहताना मला तरी नटांकडे लक्ष देता येत नाही; गेंड्याच्या बरगड्या कशा वर-खाली होतात तिकडेच नजर जाते.

माझ्या मनातून न जाणारी हकिगत मात्र एका हत्तिणीची आहे. व्हर्जिनिया मॅकेना आणि बिल ट्रॅव्हर्स या नटदांपत्याने १९६६ मध्ये प्रदर्शित झालेला ‘बॉर्न फ्री’ हा सिंहिणीवरचा चित्रपट केनियात केला होता. काही वर्षांनी ते दुसऱ्या चित्रपटासाठी पुन्हा केनियात गेले. त्यात त्सावोच्या जंगलातून पकडलेले हत्तीचे एक पिलू होते, नाव पोले पोले. केनिया सरकार ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला भेट देणार होते. चित्रीकरण संपल्यावर दोघांनी ते पिलू विकत मागितले, म्हणजे त्याला जंगलात परत सोडता आले असते. उत्तर मिळाले की हरकत नाही, लंडनसाठी दुसरे पकडू. दोघांनी माघार घेतली. पोले पोले लंडनला गेली. बऱ्याच वर्षांनी ते तिला पाहायला गेले, तेव्हा तिने त्यांना ओळखून कुंपणाच्या पलीकडून सोंड पुढे केली. १९८३ मध्ये, ऐन तरुण वयात, तिला मरण देण्यात आले. त्यानंतर वर्षभरात या दांपत्याने प्राणिसंग्रहालयांवर लक्ष ठेवणारी संस्था काढली, तीच पुढे बॉर्न फ्री फाउंडेशन म्हणून ओळखली जाऊ लागली. चित्रपट संपल्यावरही ज्यांच्या डोक्यातून जनावर गेले नाही, अशी माणसे आपल्या धंद्यात होऊन गेली आहेत.

केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. ‘आउट ऑफ आफ्रिका’ १९८० च्या दशकात तिथे चित्रित झाला, तेव्हा नटांजवळ वावरणारे सिंह चक्क कॅलिफोर्नियाहून शिकवून आणले होते. सिंहांच्या देशात अमेरिकेचे सिंह, याची गंमत वाटते. पण निदान जंगलातल्या सिंहाला कुणी त्रास दिला नाही. आज आपल्याला सोपा वाटणारा मार्ग दक्षिण आफ्रिकेतून जातो, कारण तिथे बंदिस्त आवारांत पैदास केलेले हजारो सिंह आहेत आणि छाव्याला मांडीवर घेऊन फोटो काढून देणारी केंद्रे आहेत. तिथला मांडीवरचा छावा मोठा झाला की पुष्कळदा कुंपणाच्या आतच पैसेवाल्या शिकाऱ्याच्या बंदुकीपुढे येतो. २०२१ मध्ये तिथल्या तत्कालीन पर्यावरणमंत्री बार्बरा क्रीसी यांनी ही पैदास बंद करण्याचे धोरण जाहीर केले. नायिकेच्या कुशीतला छावा आपल्याला पडद्यावर गोड दिसतो, म्हणून तो कुठून आला हे विचारायचे नाही, असे चालणार नाही. भारतात साधा बैल फ्रेममध्ये आला तरी आपण जीवजंतू कल्याण मंडळाच्या प्रमाणपत्रासाठी धावतो. विमानात बसल्यावर तीच काळजी मुंबई विमानतळावर ठेवून जाण्याचे कारण नाही.

आता जागांच्या नावांविषयी. २०१० मध्ये रजनीकांत यांच्या ‘एंधिरन’मध्ये, म्हणजे हिंदीतील ‘रोबोट’मध्ये, ‘किलिमांजारो’ असा घोष करणारे गाणे होते आणि ते चित्रित झाले पेरू देशातील माचू पिचूला. ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो टांझानियात आहे. माचू पिचू त्यापासून एका महासागरापलीकडे, दुसऱ्याच खंडात. गाण्यात हे हसण्यावारी नेता येते. पण १८९८ मध्ये केनियातील त्सावो येथे रेल्वेचा पूल बांधताना दोन सिंहांनी ज्यांना खाल्ले, त्यांत आपल्या देशातून नेलेले मजूर होते, आणि त्यावरील १९९६ चा चित्रपट, ज्यात आपले ओम पुरी होते, दक्षिण आफ्रिकेतील सोंगिमवेलो अभयारण्यात चित्रित झाला. पडद्यावरच्या सिंहांना भरघोस आयाळ आहे. त्सावोच्या त्या दोन सिंहांना आयाळ नव्हती. शिकागोच्या फील्ड संग्रहालयात ते आजही पाहता येतात. आयाळीशिवाय सिंह प्रेक्षकाला सिंह वाटणार नाही, हा त्यामागचा हिशेब असावा, आणि तो मला प्रेक्षकाचा अपमान वाटतो.

यावर तरुण मंडळी म्हणतील की हा सगळा वाद आता कालबाह्य झाला, संगणकावर हवे ते जंगल उभे करता येते. २०१९ च्या ‘द लायन किंग’मध्ये सुरुवातीचा सूर्योदय हे एकच दृश्य खऱ्या कॅमेऱ्याने टिपलेले आहे, बाकी सारे संगणकाचे, हे दिग्दर्शक जॉन फॅवरो यांनी स्वतः सांगितले आहे. ज्या दृश्यात प्राण्याला पळवायचे, घाबरवायचे किंवा मारायचे आहे, तिथे संगणकच वापरा, असे मीही म्हणेन. मात्र सगळेच स्टुडिओत हलवावे, हे मला पटत नाही, आणि त्याचे कारण पैशाचे आहे. मसाई माराच्या भोवती अनेक संरक्षित क्षेत्रे आहेत, ज्यांची जमीन हजारो मसाई कुटुंबांच्या मालकीची आहे. ती जमीन कुंपणे न घालता, नांगर न लावता प्राण्यांसाठी मोकळी ठेवल्याबद्दल त्यांना पर्यटनाच्या उत्पन्नातून भाडे मिळते. २०२० मध्ये कोविडमुळे पर्यटक यायचे थांबले, तेव्हा या भाड्यालाही कात्री लागली. गवताळ माळ माळच राहावा यासाठी कुणीतरी तिथे जाऊन पैसे मोजणे आवश्यक आहे. तेव्हा माझे म्हणणे ‘जाऊ नका’ असे नाही.

आणि आपण जाणारच आहोत. एस. एस. राजामौली यांचे युनिट २०२५ मध्ये केनियात गेले. मसाई मारा, नैवाशा, सांबुरू आणि अंबोसेली येथे चित्रीकरण होत असल्याचे तिथले ज्येष्ठ मंत्री मुसालिया मुदावादी यांनी जाहीरपणे आनंदाने सांगितले. असा एक मोठा चित्रपट गेला की मागून दहा जातात, हे आपण काश्मीर आणि स्वित्झर्लंडच्या बाबतीत पाहिले आहे. मोठ्या चित्रपटाकडे वेळ, पैसा आणि चांगले स्थानिक सल्लागार असतात. काळजी वाटते ती मागून जाणाऱ्या दहांची, ज्यांच्याकडे चार दिवस असतात, एक ड्रोन असतो आणि माझ्यासारखा खिशात हात घालणारा प्रॉडक्शनवाला असतो.

म्हणून नियमावलीत पहिली गोष्ट ही असावी की अभयारण्याच्या हद्दीत शेवटचा शब्द चालक-मार्गदर्शकाचा. तो थांबा म्हणाला की थांबायचे, आणि नियम मोडण्यासाठी त्याला पैसे देऊ करणाऱ्या माणसाचे नाव, मग तो दिग्दर्शक का असेना, संघटनेकडे कळवले जावे. हे वाक्य करारात हवे आणि रोजच्या कॉलशीटवरही हवे, कारण करार कुणी वाचत नाही. दुसरे, वेळापत्रक आखताना प्राण्यासाठी राखीव दिवस धरावेत. एका नटाच्या तारखांसाठी आपण आठ-आठ महिने थांबतो. चित्त्यासाठी आठ तास थांबण्याची तयारी नसेल तर तिकीट काढू नये. बंदिस्त पैदाशीचे प्राणी वापरायचे नाहीत आणि ड्रोन लेखी परवानगीशिवाय पेटीतूनही काढायचा नाही, या दोन बाबींवर चर्चेचीही गरज मला वाटत नाही. जागेचे खरे नाव श्रेयनामावलीत ठळक यावे. डेडव्हले हे नाव २००८ मध्येच आपल्या लोकांच्या तोंडी बसायला हवे होते.

राहिला पैसा. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या पुढाकाराने २०१८ मध्ये ‘लायन्स शेअर’ नावाचा निधी सुरू झाला. जाहिरातीत प्राणी दिसला, तर त्या जाहिरातीच्या माध्यमखर्चाचा अर्धा टक्का वन्यजीवांसाठी द्यायचा, अशी त्याची साधी कल्पना आहे. सिंहाचा वाटा म्हणजे सर्वांत मोठा, असे आपण म्हणतो. इथे सिंह फक्त अर्धा टक्का मागतो आहे. आपल्या चित्रपटांच्या प्रसिद्धीवर जो खर्च होतो, त्याच्या अर्ध्या टक्क्यात एका मोठ्या पार्टीचेही बिल भागत नसेल. तो पैसा थेट जमीनमालक मसाई कुटुंबांच्या संस्थांकडे जाईल, अशी व्यवस्था आपल्या संघटनांनी करावी.

विल्डबीस्ट या मोठ्या हरिणवर्गीय प्राण्यांचे कळप जुलैच्या सुमारास मारात पोचू लागतात आणि ऑक्टोबरपर्यंत तिथे असतात. नद्या ओलांडण्याचे ते दृश्य सगळ्यांनाच हवे असते, त्यामुळे आपली युनिटेही त्याच महिन्यांत जातील. परवान्यांचे अर्ज त्याच्या कितीतरी आधी भरले जातात. ते भरण्यापूर्वी आपल्या संघटनांनी एक संयुक्त बैठक बोलवावी, ही विनंती. बैठकीत माझ्यासमोर कुणी बसणार असेल, तर त्या तीन नोटांचा व्हाउचर मी कोणत्या खर्चात दाखवला होता, तेही सांगेन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रॉडक्शन कंट्रोलर,
गोरेगाव, मुंबई